अफरवाटचा मोठा उतार आज सोडला
गुलमर्गच्या गोंडोलाने (केबल कारने) अफरवाट डोंगरावर पोचलो, उंची 3,900 मीटरच्या वर, कडक ऊन आणि रात्रभर पडलेला ताजा बर्फ, सगळ्यांनाच स्की घालून सुटायची घाई. पण गाईडने आधी फावड्याने खड्डा खणून थर दाखवले. वर वाऱ्याने दाबलेली घट्ट लादी आणि तळाशी साखरेसारखा सुट्टा बर्फ, मूठसुद्धा वळत नाही! याच सुट्ट्या थरावरून अख्खी लादी घसरून हिमस्खलन होतं, तेही बहुतेक वेळा 30 ते 45 अंशांच्या उतारावर, म्हणजे नेमका स्कीइंगला भारी वाटतो तोच. बीकन (गाडलेल्या माणसाचा सिग्नल देणारं-पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) सगळ्यांकडे होतं, पण गाडलेल्या माणसाला साधारण 15 मिनिटांत काढलं नाही तर वाचणं फार अवघड, त्यामुळे स्की पेट्रोलची (सुरक्षा पथकाची) देखरेख असलेल्या भागातूनच उतरलो. पुण्यामुंबईहून येणाऱ्यांनो, बीकन वापरायची प्रॅक्टिस प्लीज वर जायच्या आधीच करा.