तुम्ही विचारलंत म्हणून: तीसची पाटी मला कशाला हवी

"काका, तुमची मुलं तर कॅनडाला, मग गल्लीत ३० च्या स्पीडची पाटी तुम्हाला कशाला हवीय?" सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारून झालं, किराणावाल्याकडे झालं, परवा तर गणपतीच्या आरतीलाही. एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी वेळेचं, कारण चिडतात सगळे त्यावरच. बडोद्यातल्या मांजलपूरचा आपला आतला रस्ता अर्धा किलोमीटर धरा, सिग्नल चुकवायला लोक त्यातून घुसतात. पन्नासने ३६ सेकंद, तीसने ६०. चोवीस सेकंदांसाठी एवढा आरडाओरडा! हां, स्कूल रिक्षावाला किंवा डिलिव्हरीवाला दिवसभर अशाच गल्ल्यांतून फिरतो, त्याचं खरंच नुकसान आहे, ते मान्य. पण मीटिंगमध्ये आवाज चढवणारे ते नसतात.

उत्तरायणच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीच्या, आदल्या दिवशीचं तुम्ही "तो अपघात" म्हणून मोकळे होता. मी गॅलरीत होतो. शेजारच्यांचा नातू काठीला काट्याची फांदी बांधून कापलेल्या पतंगामागे पळत होता, तोंड आभाळाकडे, वरच्या गच्चीवरून "काप्यो छे" (पतंग कापला) असा ओरडा चाललेला, आणि उभ्या टेम्पोमागून तो थेट रस्त्यावर आला. कारवाला आपल्याच गल्लीतला, जपून चालवणारा, हातात मोबाईल नाही काही नाही. खाली उतरून थरथरत एकच म्हणत होता, "चाळीसवर होतो हो, चाळीसवरच होतो." माझा विश्वास आहे त्याच्यावर. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला, पोराची वार्षिक परीक्षा गेली. आता चूक कुणाची सांगा. चाळीसला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच, तीसला तेच ८ मीटर. पुढे ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे चाळीसला तीसच्या जवळपास पावणेदोनपट. कुणी बेफाम नव्हतं आणि पोरगं रस्त्यावर पडलं होतं, हे मला अजून पचत नाही.

पूर्वी मीच म्हणायचो, पोरांना आवरा, रस्ता काय खेळायला आहे? माझ्या मुलांना त्यावरून धपाटे घातलेत, आणि बरोबरच होतं असं अजूनही अर्धं वाटतं. पण उत्तरायणला बडोद्यात कुठलं पोर खाली बघून चालतं?

मग लोकांनी काय केलं, रातोरात सिमेंटचा बंप घातला. आयआरसीच्या, म्हणजे रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने बंप १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे गाडी हळू चढून हळू उतरते. आपला म्हणजे आडवा टाकलेला खांबच. त्याच पोराला रिक्षातून ड्रेसिंगला नेताना त्या बंपवर ते असं कळवळलं की रिक्षावाल्याने रिक्षाच थांबवली. म्हणून मला बंप नको, पाटी हवी. केंद्राने २०१८ मध्ये शहरी रस्त्यांवर कारसाठी कमाल ७० ठरवले, पण मोटर वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली त्याहून कमी लिमिट लावता येते, त्यासाठीच हा अर्ज फिरवतोय.

कोण पाळणार, हा तुमचा पुढचा प्रश्न. बरेच जण नाही पाळणार. पोलीस काय रोज गल्लीत उभा राहणार नाही. पण त्या चाळीसवाल्याने पाळली असती, माणूसच तसा आहे. त्याची सही मात्र अजून अर्जावर नाही. म्हणतो, "आता पाटी लावली की चूक माझीच होती असं ठरेल." दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो, काय सांगायचं ते सुचत नाही.