मलाच काही होत नाही

मांद्रे, पौष पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, रात्री

सकाळी भांडी घासता घासता मंगलने विचारलं, "तुका कांयच जालें ना?" तेव्हापासून डोक्यात तेवढंच चाललंय. तिने आपलं सहज विचारलं. काल कोको प्यायच्या सोहळ्यात तिला स्वयंपाकघरातून सगळं दिसत होतं. कोण रडलं, कोण हसत सुटलं, कोण समुद्राकडे तोंड करून चटईवर आडवं झालं. आणि मी मांडी घालून बसलेली. शेवटपर्यंत. पायाला मुंग्या आल्या, बाकी काही नाही.

आमच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, तो योगाचा मंडप झाल्यापासून दर पुनवेला तिथे काकाओचा, म्हणजे कोकोचाच, सोहळा असतो आणि ती पुण्याची मुलगी मला आवर्जून बोलावते. जागा आमची म्हणून बोलावते, कळतं मला. एरवी टाळते. काल बाबूचा फोन ठेवल्यावर घरात बसवेना, म्हणून गेले. ते असो.

आधी एक फॉर्म असतो. हृदयविकार आहे का, दिवस गेलेत का, डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत का, रक्तदाब आहे का. रक्तदाबापुढे मी खूण केली. मुलीने ती पाहिली आणि म्हणाली, "मावशी, तुम्हाला अर्धंच देते हं." सगळ्यांना ४० ग्रॅम, मला २०. मावशी म्हटलेलंही जरा लागलं, पण तो विषय आज नको.

करायला तसं सोपं. काळपट तपकिरी ढेप येते ग्वाटेमालाहून. मंगल ती विळीवर बारीक तासते, तिचे हात त्या वासाने दुसऱ्या दिवशीपर्यंत भरलेले असतात. पाणी गरम हवं, पण उकळी येऊ द्यायची नाही. मग चिमूटभर मिरची, दालचिनी, नावापुरता गूळ, आणि रवीने घुसळायचं. निम्मी ढेप म्हणजे नुसतं लोणी असतं, त्यामुळे वर तेलाचे डोळे तरंगतात आणि निवलं की ओठांना पातळ पापुद्रा धरतो. चव कडू, मागून आंबट, तळाला गाळ. जन्मभर चॉकलेट खाल्लं, पण या दोघांचं नातं आहे हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं. टिपूला पातेलं चाटू द्यायचं नाही अशी मंगलला सक्त ताकीद आहे, कुत्र्यांना ते विष. बिचारा दाराबाहेर शेपूट हलवत बसून होता. काल तिथे मनापासून काही हवं असलेला तो एकटाच असावा.

मग धूप, चार दिशांना नमस्कार, ढोल. कप छातीशी धरायचा, हृदयाला काय हवंय ते विचारायचं आणि घोट घोट घ्यायचं. मी विचारलं. उत्तर नाही. मनात आलं ते हे की उद्या पाण्याचा टँकर सांगायचा राहिलाय. समोरची उंच, पिवळ्या केसांची बाई ढसाढसा रडत होती. शेजारच्या मुलाचे डोळे मिटलेले आणि चेहऱ्यावर असं काही हसू की बघायची लाज वाटली. मी पुन्हा डोळे मिटले. पुन्हा टँकर.

सगळं आवरल्यावर त्या मुलीने माझा हात हातात घेतला. "होईल मावशी, पुढच्या वेळी. काहींचं हृदय उघडायला वेळ लागतो."

म्हणजे माझं बंद आहे. कडी लावून.

हे काही आजचं नाही, म्हणून जास्त लागलं. धालो म्हणजे आमच्या बायकांचा पौषातला नाच, त्याच्या शेवटच्या रात्री मांडावर रंभा येते, ती दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या अंगात येते, माझ्या शेजारी उभी असते तिच्याही. माझ्या नाही. देवळात अवसर येतो, कुणाच्या अंगात देव येतो, तेव्हा सगळ्यांच्या अंगावर काटा येतो आणि मी समईतलं तेल बघत असते. आजी म्हणायची, हिचा देवगण, हिला कधी काही दिसायचं नाही. तेव्हा ते कौतुक वाटायचं. आई गेली त्या दिवशीसुद्धा मी आलेल्यांना चहा... नको.

लाकूड आहे मी. हे काल रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ठरवून टाकलं आणि थोडं रडू येईल म्हणून वाट पाहिली. तेही आलं नाही. झोपही नाही. तीन वाजले तरी डोळे टक्क.

मग मोबाईल घेतला. कोकोत थिओब्रोमिन असतं, थोडं कॅफिनही. थिओब्रोमिन कॅफिनपेक्षा सौम्य, रक्तवाहिन्या जराशा सैल करतं, पण हळूहळू चढतं आणि रेंगाळतं. त्यातलं निम्मं उतरायलाच सात-आठ तास. झोपेचं कारण कळलं. पण त्याबरोबर दुसरंही एक लक्षात आलं आणि मी उठूनच बसले. हळूहळू चढतं ना? मग ती पिवळ्या केसांची बाई रडायला लागली तेव्हा तिच्या हातातला कप अजून भरलेला होता! मी बघितलं होतं, सांडेल म्हणून माझं लक्षच तिकडे. म्हणजे तिचं रडू कपातून आलेलं नव्हतं. ते तिने बरोबर आणलं होतं, विमानातून.

पाच मिनिटं फार बरं वाटलं. मग वाटलं, हे तर आणखी वाईट. प्यायल्याने रडली असती तर माझ्या अर्ध्या मापाला दोष देता आला असता.

वाचत बसले. इक्वाडोरमध्ये ५,३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांत कोकोचे अंश सापडलेत. फणसासारखी थेट खोडाला फळं धरतात, आतल्या बिया चांगल्या पाच-सहा दिवस आंबवून मग उन्हात वाळवतात. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांकडे लग्नाच्या बोलणीत ते प्यायचे. अॅझ्टेकांकडे बिया म्हणजे चलन, बाजारात त्या मोजून माल घ्यायचा. गोल बसून हृदय उघडायचा आताचा प्रकार मात्र गेल्या काही दशकांतला, ग्वाटेमालातल्या आतित्लान तळ्याकाठी बाहेरून आलेल्यांनी रुजवलेला. ढेपेवर 'सेरेमोनियल' छापायला कुठलं सरकारी मानकही नाही. तोच कोको आपल्याकडे केरळात इडुक्कीत आणि कर्नाटकात पुत्तूरकडे माडा-पोफळीच्या सावलीत होतो, पण तो ठेवला तर आमच्या मंडपात कोण डोळे मिटेल? हे वाचून त्या लोकांवर हसावं असं वाटलं खरं, पण हसू टिकलं नाही. आमची रंभा तरी कुठल्या मानकाची? येते ती येते. ज्यांच्याकडे यायची त्यांच्याकडे.

आणि तेव्हा, पहाटे कधीतरी, आठवलं की रंभा आली की त्या बाईला मागून धरायला कोणीतरी लागतं. डोकं आपटू नये, लुगडं सुटू नये. ते दर वर्षी मीच असते. कुणी सांगत नाही, मी आपोआप मागे जाऊन उभी राहते. कालही त्या बाईच्या हातातला कप मीच अलगद काढून घेतला आणि खाली ठेवला. तिला कळलंही नाही. सगळ्यांच्याच अंगात आलं तर कप कोण धरणार, हा हिशेब ठीक आहे. पण मला एकदा कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं, की बाई, तुला धरायला आवडतं का? मी बहुतेक हो म्हटलं असतं. तरी विचारायला हवं होतं.

मंगलला सकाळी काय उत्तर दिलं? म्हटलं, "झोप गेली रात्रभर." तर ती खूश. म्हणे, म्हणजे झालं ना काहीतरी! तिच्या मते फुकटात एवढं पुष्कळ. बाहेरून येणारे त्यासाठी पैसे मोजतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोळतात.

पुढच्या पुनवेचं आमंत्रण आलंय. जाईन म्हणते. मात्र गेले तर पूर्ण माप घेणार, अर्ध्यावर माझी परीक्षा नको. त्यासाठी आधी डॉक्टरांना विचारावं लागेल आणि तिथेच गाडं अडलंय. त्यांच्यापुढे बसून हृदय उघडायचंय म्हटलं, तर ते बीपी बघतील आणि सरळ बांबोळीच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहून देतील.