नवऱ्याची किडनी मला का चालली नाही

"ताई, डिलिव्हरी किती झाल्या? मधे एखादं मूल पडलं होतं का? रक्त कधी चढवलंय?" ट्रान्सप्लांटसाठी पहिल्यांदा भेटलो तेव्हा नेफ्रोलॉजिस्ट, म्हणजे किडनीच्या डॉक्टर सरांनी हे विचारलं. किडनीचा याच्याशी काय संबंध, मला कळेना. दोन मुलं, त्याआधी एक गर्भपात, धाकट्याच्या वेळी रक्त चढवलेलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं.

आयजीए नेफ्रोपथी या किडनीच्या आजाराने माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा मी ४४ वर्षांची होते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. नवरा पहिल्यापासून सरांना म्हणत होता, "माझी घ्या." आम्हा दोघांचा रक्तगट बी पॉझिटिव्ह, त्यामुळे घरचे निर्धास्त होते. पण क्रॉसमॅच नावाच्या तपासणीत सगळं अडलं. यात माझ्या रक्तातलं सीरम (पेशी काढून उरलेला पातळ भाग) आणि त्याच्या लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, एकत्र करून बघतात. माझ्या अँटिबॉडी त्याच्या पेशींवर तुटून पडल्या.

सरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. एचएलए म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा. बाळाचे निम्मे एचएलए वडिलांकडून येतात. गरोदरपणात आणि बाळंतपणात बाळाच्या पेशी आईच्या रक्तात मिसळतात, आणि काही बायकांचं शरीर त्या परक्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. ही ओळख शरीर वर्षानुवर्षं विसरत नाही. तशीच किडनी बसवली असती, तर ऑपरेशन टेबलावरच ती निकामी व्हायची भीती होती. प्लाझ्मा बदलून अँटिबॉडी उतरवता येतात, पण खर्च मोठा आणि रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याचा धोका राहतोच. दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल, म्हणजे स्वॅप, २०११ च्या दुरुस्तीपासून कायद्यात बसते. मात्र जुळणारी जोडी मिळेपर्यंत थांबावं लागतं.

तेव्हा आई पुढे आली. वय ६६. माझा जीव तयार होईना. सरांनी लपवलं नाही: चाळिशीनंतर किडनीची गाळण्याची ताकद हळूहळू उतरते, म्हणून वयस्कर दात्याची किडनी तरुणाच्या किडनीइतकी वर्षं चालेलच असं नाही. पण आईची क्रॉसमॅच निगेटिव्ह होती, म्हणजे माझ्या अँटिबॉडी तिच्या पेशींवर गेल्या नाहीत, आणि डायलिसिसवर वाट बघण्यात माझीच ताकद खर्च होत होती. डीटीपीए स्कॅनमध्ये तिची प्रत्येक किडनी किती काम करते ते वेगवेगळं तपासलं. फरक असता तर चांगली किडनी तिच्याकडेच ठेवली असती. दोन्ही सारख्या निघाल्या, म्हणून डावी घेतली. डाव्या किडनीची शीर लांब असते, जोडायला सोपं जातं.

अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीसमोर आईला एकटीला बसवून विचारलं, कॅमेरा चालू होता. "कुणी दबाव आणलाय का?" आई म्हणाली, "लेकीला देतेय, दबाव कसला?"

आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष. मला हे फार लागतं. नवऱ्याची किडनी बायकोला न चालण्यामागे कधी माझ्यासारखं कारण असतं, हे खरं. पण आमच्या डायलिसिस युनिटमध्ये अशाही बायका होत्या, ज्यांच्या घरच्या एकाही पुरुषाने साधी रक्तगटाची तपासणी करून घेतली नव्हती.

माझी किडनी आता नीट चालते. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून असलेली टॅक्रोलिमसची गोळी मी घड्याळ लावून घेते. माझ्या वयाच्या बायकांची किडनी सहसा चांगली टिकते, असं सर सांगतात. खरी काळजी विशीच्या आसपासच्या मुलामुलींची असते. त्या वयात गोळ्या चुकतात आणि किडनी गमावण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. मुलीला पुरुषाची किडनी बसवली असेल, तर आणखी लक्ष ठेवावं लागतं.

डायलिसिसवरच्या बहिणींना एवढंच सांगेन: गर्भपातासकट प्रत्येक गरोदरपण डॉक्टरांना सांगा, आणि एचएलए अँटिबॉडीची तपासणी लवकर करून घ्या. रक्त चढवल्यानेही या अँटिबॉडी वाढतात. म्हणून हिमोग्लोबिन उतरलं की रक्ताची बाटली लावण्याआधी विचारा, रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनवर भागेल का.