तुम्ही विचारलंत म्हणून: दहा वर्षांच्या व्हिसावर किती दिवस राहायचं?

गोव्यातल्या फोंड्यात मी विमानाची तिकिटं आणि व्हिसाचे अर्ज करून देते. अमेरिकेचा व्हिसा लागून पासपोर्ट हातात आला, की लोक स्टिकरवरची तारीख दोनदा वाचतात आणि मग हळूच विचारतात, “दहा वर्षांचा दिलाय. म्हणजे तितके दिवस राहता येतं ना?”

नाही हो. त्या तारखेपर्यंत तुम्ही तिथल्या विमानतळावर जाऊन ‘आत सोडा’ म्हणू शकता, एवढंच. कदंब बसचा महिन्याचा पास काढला म्हणून कोणी बसमध्ये मुक्काम ठोकत नाही.

अमेरिकेत मुक्काम ठरवतो तो इमिग्रेशनच्या खिडकीतला अधिकारी. पर्यटकाला बहुधा सहा महिने मिळतात, पण कमी द्यायचा अधिकार त्याला आहे. ही तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते आणि ती ऑनलाइन बघता येते. पोचल्यावर जेट लॅग उतरायच्या आत मुलाला ती काढायला सांगा आणि छापून पासपोर्टात ठेवा. मुक्काम वाढवायचाच असेल तर ती तारीख उलटायच्या आत आय-५३९ हा अर्ज भरावा लागतो. न विचारता राहिलात तर तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द समजला जातो. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून परतलात तर ३ वर्षं प्रवेशबंदी, वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर १० वर्षं.

एवढं सांगितलं की समोरची माई म्हणते, “पण बाळ तर सहा महिन्यांत बसायलासुद्धा लागत नाही!” खरा प्रश्न हा असतो. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे तरी लोक फिरायला चाललेले नसतात, लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला चाललेले असतात. दोन्ही आजी-आजोबांनी एकदम जायची हौस असते. मी म्हणते, पाळी लावा. आधी लेकीची आई, ती परतायच्या सुमाराला सासू. बाळाला वर्षभर आजी मिळते आणि कोणाचीच तारीख ओलांडत नाही. पुरुषमंडळी बहुतेक महिन्याभरात परत येतात. घरच्या देवांची पूजा राहते, पाडेली बोलावून नारळ पाडायचे असतात आणि गणेशचवथ तर कोणालाच चुकवायची नसते. परतीचं तिकीट मी शेवटच्या दिवसाचं कधीच काढत नाही, आठ-दहा दिवस हातचे ठेवते. विमान रद्द होतं, आजीचा गुडघाही नेमका तेव्हाच धरतो.

ब्रिटनचा हिशोब सरळ आहे. व्हिसा २ वर्षांचा असो की १० वर्षांचा, एका भेटीत साधारणपणे सहा महिनेच. इंग्लंडमधल्या स्विंडनला मुलगा असलेले काहीजण सहा महिने राहतात, महिनाभर गोव्यात येऊन पुन्हा निघतात. लागोपाठच्या भेटींतून तुम्ही तिथेच घर केलंय असं अधिकाऱ्याला वाटलं, तर तो परत पाठवू शकतो.

डोकं खातो तो शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या २९ देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. लिस्बनला जाणारे इथे पुष्कळ, म्हणून नीट सांगते. नियम असा, की मागच्या कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस, आणि तेही सगळ्या २९ देशांत मिळून. पोर्तुगालमधून स्पेनला गेलात म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. उतरल्याचा दिवस धरायचा, निघाल्याचाही धरायचा. १ मार्चला गेलात तर ९०वा दिवस २९ मे. पुन्हा जायचं तर २८ ऑगस्टच्या आधी नाही, तेही व्हिसा तेव्हा चालू असेल आणि अनेक फेऱ्यांचा असेल तरच. शिवाय स्टिकरवर ‘ड्युरेशन ऑफ स्टे’खाली ३० लिहिलं असेल तर तुमचे दिवस ३०च. शेजारच्या दोन तारखांमधलं अंतर जास्त दिसतं, त्याला भुलू नका. तिथे सहसा १५ दिवसांची सवड धरलेली असते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांत पासपोर्टावरच्या शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घ्यायला सुरुवात झाली. पुसट शिक्क्याच्या भरवशावर कोणी राहू नये.

इथल्या किनाऱ्यावर हरमल-मोरजीला परदेशी पाहुण्यांना खोल्या भाड्याने देणारेही विचारतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्याकडेही तसंच आहे. पाहुण्याचा ई-टुरिस्ट व्हिसा पाच वर्षांचा असला, तरी बहुतेक देशांच्या लोकांना एका वेळी ९० दिवस. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपानवाल्यांना १८०. पाहुणा आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म भरायचा (पूर्वीचा फॉर्म सी, २०२५ पासून फॉर्म ३). ते काम घरमालकाचं, पाहुण्याचं नव्हे.

नातवंडांपाशी खरंच लांब राहायचं असेल तर कॅनडाचा सुपर व्हिसा आहे, आईवडील आणि आजी-आजोबांसाठी. एका भेटीत पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मुलाचं पुरेसं उत्पन्न, वैद्यकीय तपासणी आणि निदान एक लाख कॅनडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो. कागद जमवायला कोणी कंटाळत नाही. मात्र तिथल्या थंडीत एकदा जानेवारी महिना काढला, की हेच आजोबा फोन करून मला परतीचं आधीच्या तारखेचं तिकीट शोधायला लावतात.