आईबाबांना घेऊन सव्हाना : "लिफ्ट आहे का?" एवढंच विचारलं होतं

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहराबद्दल इंटरनेटवर ढिगाने लिहिलेलं आहे. ओकची झाडं, त्यावरून लोंबणारं स्पॅनिश मॉस, रात्रीच्या भुतांच्या टूर, कुठलं आइस्क्रीम खायचं, सगळं मिळतं. पण सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन जायचं असेल आणि त्यातल्या एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर त्या सुंदर जुन्या घरांमध्ये चढायचं कसं हे एकानेही लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हे लिहितेय. आणि खरं सांगायचं तर राग अजून गेलेला नाही म्हणूनही लिहितेय.

आम्ही अटलांटाजवळ राहतो. आईबाबा सहा महिन्यांसाठी आले की आपलं सगळ्यांचं ठरलेलं असतं, ॲक्वेरियम, कोकाकोलाचं म्युझियम, लिलबर्नचं स्वामीनारायण मंदिर, आणि मग सगळे घरात बसून एकमेकांकडे बघतात. बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, त्यांना मॉलमध्ये काडीचा रस नाही, जुनं गाव दाखव म्हणाले. जुनं गाव म्हटलं की आपल्या जॉर्जियात सव्हानाच. जेम्स ऑगलथॉर्प या इंग्रजाने १७३३ मध्ये वसवलेलं, चौकोनी बागांभोवती आखलेलं, गाडीने चार तास. ऑक्टोबर निवडला. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे घामाने जीव जातो आणि मार्चमध्ये सेंट पॅट्रिक्स डेच्या आसपास तर जाऊच नका, परेडला एवढी गर्दी लोटते की खोल्यांचे भाव बघूनच लॅपटॉप बंद करावासा वाटतो. ऑक्टोबरमध्ये वादळाचा सीझन संपलेला नसतो तेवढं लक्षात ठेवा, म्हणजे रद्द करता येणारं बुकिंगच घ्या. मी घेतलं होतं, पण ती रद्द करायची तारीख कशी हातातून गेली ते आता सांगते.

बाबांना जुन्या घरातच राहायचं होतं. हायवेवरचं हॉटेल नको, ते सगळीकडे सारखंच म्हणाले, आणि ते बरोबरच आहे. तर एका बागेजवळचं छान छोटं इन मिळालं, जुनी हवेली, व्हरांडा, सकाळचा नाश्ता. एका मोठ्या बुकिंग वेबसाइटवर होतं. बुक करतानाच रिक्वेस्टच्या चौकटीत लिहिलं की आई जिने चढू शकत नाही, खालची खोली हवी, लिफ्ट आहे का ते कळवा. कन्फर्मेशन आलं, त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, विनंती प्रॉपर्टीला पाठवली आहे, उपलब्धतेनुसार. ठीक आहे म्हटलं.

आता ही जुनी घरं कशी असतात ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सव्हानाच्या जुन्या भागात घराचा मुख्य मजला रस्त्यापासून चांगला वर उचललेला असतो, त्याच्या खाली बागेच्या लेव्हलला एक बुटका मजला, आणि मुख्य दारापर्यंत जायला बाहेरूनच लोखंडी कठड्याचा उभा जिना. फोटोत तो जिना इतका देखणा दिसतो की कळतच नाही आपल्याला तो चढायचा आहे. म्हणजे "पहिल्या मजल्यावरची खोली" मिळाली तरी रस्त्यावरून एक अख्खा जिना आहेच, आणि आत गेल्यावर वरच्या खोल्यांना अजून एक किंवा दोन. लिफ्ट बऱ्याच ठिकाणी नसतेच.

वेबसाइटकडून काही उत्तर येईना म्हणून चॅट केलं. आधी मशीन, मग माणूस. माणूस म्हणाला, मॅम मी नोट टाकली आहे. मी म्हटलं नोट मी पण टाकली आहे, मला उत्तर हवंय. म्हणाला, खोलीबद्दल प्रॉपर्टीशी बोला. इनला फोन केला, तिथल्या मुलीने बघून सांगितलं की तुम्हाला सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली आहे, लिफ्ट नाही, आणि रिक्वेस्ट वगैरे आमच्याकडे काहीही आलेली नाही. खालच्या बागेच्या लेव्हलला एक खोली आहे आणि ती रिकामीही आहे, पण ती वेगळ्या प्रकारची खोली आहे आणि तुमचं बुकिंग वेबसाइटवरून आलंय, त्याला आम्हाला हात लावता येत नाही, तुम्ही वेबसाइटला सांगा. वेबसाइटला सांगितलं. ते म्हणाले प्रॉपर्टीला सांगा. 😤

हे असं किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही, नवऱ्याने मोजलं असेल कारण जेवताना माझा फोन स्पीकरवर आणि त्यावर ते होल्डचं संगीत हे आमचं रोजचं झालं होतं. दर वेळी नवीन एजंट, दर वेळी पहिल्यापासून, बुकिंग नंबर, ईमेल, आईचा गुडघा. एकजण म्हणाला "आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन", त्याला म्हटलं फ्रस्ट्रेशन राहू दे बाबा, लिफ्ट समजून घे. आणि या सगळ्यात फुकट रद्द करायची तारीख गेली. आता रद्द केलं तर सगळे पैसे जाणार. आणि आई शेजारी बसून, "अगं जाऊ दे, मी चढेन हळूहळू, कशाला त्या लोकांशी भांडतेस." हे ऐकलं की मला अजून चेव यायचा.

मग त्या इनमधल्याच एका वयस्क बाईंनी मला खरी गोम सांगितली. त्यांचं म्हणणं, पैसे तुम्ही वेबसाइटला दिलेत, आमच्यापर्यंत ते आलेलेच नाहीत, तुम्ही राहायला आल्यावर वेबसाइट आम्हाला एका व्हर्च्युअल कार्डवर देते. त्यामुळे आमच्या मनात असलं तरी आम्ही रिफंड करणार कशाचा? रद्द त्यांनीच करायचं. पण आमच्या मॅनेजरने दंड माफ केला तर ते करू शकतात, त्यासाठी त्यांनी इथे फोन करून मॅनेजरचं नाव आणि होकार घ्यायचा असतो. मी म्हटलं ते तर म्हणतात आम्ही फोन केला, कुणी उचलला नाही. बाई हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडे रात्रीचं फ्रंट डेस्क नाही, संध्याकाळनंतर फोन कोण उचलणार?

आणि मी रोज फोन कधी करत होते, तर ऑफिस, मुलांचे क्लास, स्वयंपाक आटपून रात्री नऊला. वेबसाइटचा एजंट इमानदारीत तेव्हाच्या तेव्हा इनला फोन लावायचा, तिकडे रिंग वाजत राहायची, आणि हा नोट टाकायचा, "प्रॉपर्टीने प्रतिसाद दिला नाही." एवढं साधं होतं, आणि इतक्या एजंटपैकी एकालाही तिकडे रात्र आहे, उद्या दुपारी करूया, हे सुचू नये?

तर उपाय. छोट्या इनला फोन करायची वेळ म्हणजे दुपारी एक ते तीन. सकाळी नाश्ता आणि चेकआउट, चारनंतर चेकइन, मधेच तेवढी शांतता असते. मी ऑफिसमधून लंच ब्रेक उशिरा घेतला, आधी इनला फोन करून मॅनेजर डेस्कवर आहेत ना ते विचारलं, त्यांना सांगितलं की आता दहा मिनिटं जागेवरून हलू नका, मग वेबसाइटला फोन केला आणि एजंटला म्हटलं मी लाइनवर थांबते, तुम्ही आत्ता या नंबरवर करा, अमुक नावाच्या मॅनेजर वाट बघताहेत. त्याने केला. त्या "येस" म्हणाल्या. झालं. रद्द, दंड नाही, ईमेल आलं. ते ईमेल डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी फोन ठेवला नाही. मग थेट इनकडे खालची खोली बुक केली, फोनवर, आणि भाव वेबसाइटपेक्षा जास्त नव्हता, उलट पार्किंगचा पास त्यांनी त्यातच दिला. जॉर्जियात खोलीमागे रात्रीला ५ डॉलर राज्याची हॉटेल फी असते, वर टॅक्स, ते दोन्हीकडे लागतंच, त्यामुळे तुलना करताना शेवटचा आकडा बघा.

पण बुक करायच्या आधी मी एक हुशारी केली त्याचा मला अभिमान आहे. मॅनेजरना म्हटलं, मला फोटो पाठवा. वेबसाइटवरचे नकोत, तुमच्या फोनवरून आत्ता काढलेले. दाराबाहेरच्या पायऱ्या, बाथरूम आणि पलंग. त्यांनी पाठवले बिचाऱ्यांनी. मागच्या गल्लीतून अंगणात दार, दोन बुटक्या पायऱ्या, कठडा. छान. बाथरूममध्ये मात्र ते पायांवर उभं असलेलं जुन्या पद्धतीचं टब, त्याची कड आईच्या मांडीपर्यंत येईल एवढी. गुडघा वाकत नाही ती त्यात उतरणार कशी! पण त्याच मजल्यावर पुढच्या बाजूला साध्या शॉवरची खोली होती, तिचं दारही त्याच अंगणातून, ती घेतली. पायऱ्यांबद्दल सगळे विचारतील, टबबद्दल विचारायचं राहतं. आणि पलंगाबद्दलही. जुने चार खांबांचे पलंग इतके उंच असतात की शेजारी चढायला लाकडी स्टूल ठेवलेलं असतं. आई तिथे पोचल्यावर ते बघून म्हणाली, "हा पलंग आहे का माळा?" मग इनच्या माणसाने कठडा असलेलं रुंद स्टूल आणून दिलं, ते मागितल्याशिवाय देत नाहीत.

प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, हायवे ७५ ने मेकन गाव आणि तिथून हायवे १६. फक्त मेकनला बाथरूम उरकून घ्या, पुढे नुसती पाइनची झाडं आहेत आणि आईवडील "आत्ता नको" म्हणतात आणि एक्झिट गेल्यावर "आत्ता" म्हणतात.

पोचल्यावर गाडी लावली ती दोन दिवस हललीच नाही, टायबी बेटावर गेलो तेवढी सोडून. जुन्या भागात डॉट नावाची फुकट शटल बस आहे, नदीवर फुकट फेरीबोट आहे, आईला ती बोट इतकी आवडली की पलीकडे जाऊन लगेच परत, पुन्हा पलीकडे. नदीकाठची रिव्हर स्ट्रीट मात्र शहराच्या खाली, कड्याच्या पायथ्याशी आहे, आणि तिथे उतरायचे जुने दगडी जिने भयंकर उभे, पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या. सिटी हॉलच्या शेजारी लिफ्ट आहे, ती शोधा. खाली रस्ता जहाजांतून वजनासाठी आणलेल्या दगडांचा, वॉकर किंवा काठी अडकते, आईला फुटपाथवरूनच चालवलं.

बाबांनी बागा मोजायला सुरुवात केली. मूळ २४ होत्या, आता २२ आहेत. त्यातली एलिस स्क्वेअर १९५४ मध्ये तिथला जुना बाजार पाडून पार्किंगसाठी घालवली होती, त्यावरून लोक चिडले आणि पुढच्या वर्षी जुनी घरं वाचवणारी संस्था उभी राहिली. आता बाग परत केलीय आणि पार्किंग जमिनीखाली नेलंय. बाबा त्या पार्किंगमध्ये फक्त बघायला उतरले, खांब बघून आले, खूश. चौकाच्या प्रत्येक बागेत बाक आहेत, सावली आहे, त्यामुळे आईसारख्या माणसाला हे शहर चालायला खरं म्हणजे अतिशय सोपं आहे. दोन गल्ल्या चाला, बसा. अवघड आहेत ती फक्त घरं.

म्हणूनच म्युझियमचंही आधी विचारा. ओवेन्स-थॉमस हाऊसला मालकाच्या घराबरोबर मागच्या गुलामांच्या खोल्याही दाखवतात, तिथल्या छताला निळा रंग अजून दिसतो. बाबा आणि मी आत गेलो, आत जिने आहेत, आई आणि नवरा बाहेर बागेत बसले. त्याच तिकिटात हे घर चालवणाऱ्या टेलफेअर संस्थेची अजून दोन म्युझियम येतात, त्यामुळे आईचं तिकीट वाया गेलं नाही. ऑगलथॉर्पच्या काळात जॉर्जियात गुलामगिरीवर बंदी होती, १७५१ पासून उठवली, हे मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं, बाबांनी गाइडला खोदून खोदून विचारलं म्हणून कळलं.

जेवणाचं. आई शाकाहारी. दक्षिणेकडच्या जेवणात भाजी दिसली म्हणजे ती शाकाहारी असं अजिबात धरू नका, कॉलर्ड ग्रीन्स या पालेभाजीत आणि घेवड्यातही डुकराच्या मांसाचा तुकडा टाकून शिजवायची पद्धत आहे. प्रत्येक ठिकाणी स्पष्ट विचारा. ग्रिट्स म्हणजे मक्याची कणी शिजवलेली, ती साधी, चीज घालून मागवली, आईने वर घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी घेतली, वेटर बघत राहिली.

टायबीचं दीपगृह १७८ पायऱ्यांचं आहे, वर मी एकटी गेले. जाताना वाटेत फोर्ट पुलास्की हा जुना किल्ला लागतो. तिथे नॅशनल पार्कांचा ज्येष्ठांसाठीचा सिनिअर पास विचारायला गेलो तर तो फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना, व्हिजिटर व्हिसावरच्या आईवडिलांना नाही, तेव्हा त्यांचं साधं तिकीट धरूनच चाला. ही टायबी-पुलास्कीची फेरी दुपारी ठेवा आणि बोनाव्हेंचरची दफनभूमी सकाळी, ती पाचला बंद होते आणि आम्हाला दारावरून परत यावं लागलं.

रिफंड पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये आला, पूर्ण. त्याच आठवड्यात वेबसाइटचं मेल आलं, तुमचं राहणं कसं झालं, रेटिंग द्या. न राहिलेल्या खोलीला रेटिंग देता येत नव्हतं, पण खाली "अजून काही सांगायचंय?" अशी चौकट होती. तिथे मी लिहिलं, लिफ्ट आहे का. अजून उत्तर नाही.