नमुना २२ आणि आमच्या वीजबचत केंद्राची खोली

सगळ्यात आधी हे सांगतो. गावातल्या एखाद्या जुन्या सरकारी खोलीत कसलंही केंद्र सुरू करायचं तुमच्या मनात असेल, तर ग्रामपंचायतीत जाऊन नमुना नंबर २२ चं, म्हणजे पंचायतीच्या मालकीच्या इमारतींचं, रजिस्टर उघडून बघा. सर्व्हे, मीटिंगा, बोर्ड रंगवणं हे सगळं त्यानंतर. आम्ही नेमकं उलट केलं आणि आठ महिने घालवले. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

माझं जळगाव जिल्ह्यात तापीकाठी मोटार वायडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं, दुकान आहे. पंचवीस वर्षं जळालेल्या मोटारींवर माझं घर चाललं, पोरांची शिक्षणं झाली. पण मे महिन्याच्या ४५ अंशांच्या उन्हात शेतकरी मोटारसायकलला मोटार बांधून आणतो, दुकानाच्या पायरीवर बसून राहतो आणि तिकडे त्याच्या केळीची पानं करपत असतात. त्याच माणसाची तीच मोटार त्याच उन्हाळ्यात दुसऱ्यांदा आली की पैसे घेताना हात जड होतो. कारण मला दिसत असतं. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) भार जास्त, व्होल्टेज पडलेलं, आणि प्रत्येकाच्या पेटीत ऑटो स्विच. लाइट आली की सगळ्या मोटारी एकदम उचलतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. मग एकतर मोटार जाते नाहीतर डीपी.

यातून सात गावांचं मिळून काहीतरी करायचं ठरलं. एक केंद्र आमच्या गावात, तिथे तारेतला करंट मोजायचे क्लॅम्प मीटर, वॅट मोजायचे प्लग मीटर, लाइनवरचा करंट उतरवणारा कपॅसिटर मोटारीला कसा जोडायचा ते दाखवणारा बोर्ड आणि वीजबिल वाचून समजावणारं माणूस. आयटीआय झालेली दोन पोरं आणि एक पोरगी घरोघरी जाऊन काय किती वीज खातं ते मोजणार. सर्व्हे झाला, सातही गावांच्या मीटिंगा झाल्या, अवजारांचे पैसे लोकवर्गणीतून जमले. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, लोक चांगले आहेत.

एका प्रश्नाची तयारी मात्र ठेवा. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली आहे, त्यामुळे प्रत्येक गावात कोणीतरी उठून विचारायचंच, “बिलच येत नही, ते बचत कसानी?” मी उलट विचारायचो, “वायडिंगना पैसा कोन देस?” पाच एचपीच्या मोटारीला एका वायडिंगचे चार-पाच हजार जातात आणि डीपी जळाला तर पाणी बंद. शेतीची बचत बिलात शोधू नका, या दोन खर्चांत शोधा. कपॅसिटर एकट्याने बसवून भागत नाही, एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसवला तरच लाइनवरचा करंट उतरतो आणि व्होल्टेज सावरतं. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याला सरकारने जुने पंप बदलण्याचा प्रयोग केला होता, तोही गावंच्या गावं एकदम धरूनच.

आता खोलीचं.

१५ ऑगस्ट २०२४ च्या ग्रामसभेत ठराव झाला की शाळेमागची महिला मंडळाची जुनी खोली केंद्राला द्यायची. हात वर झाले, टाळ्या वाजल्या. खोलीत एकाचा कडबा भरलेला होता, तो त्याने आपणहून काढला. पोरांनी चुना मारला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मीटरच्या अर्जाला जोडायला ग्रामपंचायतीचा दाखला हवा म्हणून गेलो. भाऊसाहेबांनी (ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण आमच्या तोंडी भाऊसाहेबच) नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीचं रजिस्टर, काढला. त्यात खोली नाही. मग नमुना २२ काढला, पंचायतीच्या स्थावर मालमत्तेचं रजिस्टर. त्यातही नाही. ते म्हणाले, “दादा, जी खोली आमच्या दप्तरी नाही ती तुम्हाला देऊ कशी? उद्या ऑडिटला मी काय सांगू?”

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पंचायतीच्या मालकीची इमारत नमुना २२ ला हवी, हे मला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत नमुना ८ म्हणजेच सगळं, अशी माझी समजूत होती. सात गावांचा आराखडा केला तेव्हा आमच्यापैकी एकालाही हे रजिस्टर माहीत नव्हतं.

खोली वीस-बावीस वर्षांपूर्वी वरच्या योजनेतून बांधलेली. म्हणजे बांधणाऱ्यांनी पंचायतीला ताबा दिल्याचा कागद हवा. तो मागायला तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला. दुसऱ्या दिवशी अर्ज टपालात टाका. तिसऱ्यांदा गेलो तर अर्ज सापडेना, कारण मी पोच घेतलीच नव्हती. हे लक्षात ठेवा: अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मी ते ऑक्टोबरमध्ये शिकलो.

शिक्का घेऊन आठवडा होतो न होतो तोच १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. टेबलावर माणूसच नाही, सगळे निवडणुकीच्या कामाला. निकाल २३ नोव्हेंबरला लागला. त्यानंतर गेलो तर उत्तर मिळालं, “आम्ही बांधून दिली, आमचा विषय संपला, जिल्ह्याला विचारा.” जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो, तिथे म्हणाले, “दप्तर तालुक्याला असतं.” एसटीने जायला दीड तास, यायला दीड तास, दुकान दिवसभर बंद. असे किती दिवस गेले ते वहीत लिहून ठेवलंय, पण मोजायची इच्छा होत नाही.

खरा जीव तुटला तो डिसेंबरमध्ये. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. केंद्र त्या दिवशी उघडायचं हे सातही गावांना आम्ही ऑगस्टमध्येच सांगून ठेवलं होतं. पोरीने स्वतःच्या हाताने बोर्ड रंगवला होता, एका बाजूला जुना ७५ वॅटचा पंखा, दुसऱ्या बाजूला ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा नव्या मोटारीचा पंखा. त्या दिवशी बोर्ड माझ्या दुकानात भिंतीला टेकून उभा होता आणि खोलीला कुलूप. शेजारच्या गावचे नाना उद्घाटनाला म्हणून सायकलवर आले. त्यांना निरोपच गेला नव्हता. त्यांना चहा पाजून परत पाठवताना मला बोलता येईना.

दोन दिवसांनी माहितीचा अधिकार टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची मुदत. जानेवारीच्या मध्याला उत्तर आलं, “सदर अभिलेख आढळून येत नाही.” एका ओळीचं उत्तर. अपिलाचा कागद लिहीत दुकानात बसलो होतो, तेव्हा पंचायतीचे निवृत्त शिपाईतात्या कुलरची मोटार घेऊन आले. कसला कागद म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, “अरे, खोलीची चावी मीच घेतली होती. त्या मीटिंगला ठराव झालता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेबांसमोर पंचायतीचंच जुनं कपाट उघडलं. खालच्या फळीवर जुनी ठरावबुकं, दोन वाळवीने खाल्लेली. तिसऱ्यात सापडलं: महिला मंडळाच्या खोलीचं काम पूर्ण झाल्याने ताबा घेण्यात येत आहे, चावी शिपायाकडे सुपूर्द. खाली सह्या, त्यातले दोघे आता हयात नाहीत. ज्या कागदासाठी मी तालुका आणि जिल्हा पालथा घातला तो शाळेपासून पन्नास पावलांवर पडून होता. तात्यांच्या मी पाया पडलो.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो ठराव वाचला, सरपंचताईंनी नोंद घेण्याचा नवा ठराव मांडला. तरी पुढचे दोन महिने गेले, कारण नोंदीला लांबी-रुंदी आणि चतुःसीमा लागते, मग जुन्या ठरावाची साक्षांकित प्रत, मग वरून तपासणी. मार्चअखेर नमुना २२ ला खोली चढली. मीटर त्यानंतर ठरल्या वेळेत बसलं. आखाजी (अक्षय तृतीया) ३० एप्रिलला होती, तिच्या दोन दिवस आधी कुलूप निघालं.

राहिलेल्या गोष्टी आठवतील तशा सांगतो. केंद्राच्या छतावर सौर बसवायचं आम्ही बजेटमध्ये धरलं होतं, केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेच्या अनुदानासकट. ते अनुदान घरगुती ग्राहकांना आहे, एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६०, तीन आणि त्यावर ७८ हजार. आमच्या खोलीला ते मिळत नाही, तो आकडा खोडावा लागला. घरोघरचे अर्ज मात्र केंद्रात बसून भरून देतो.

घरच्या विजेत पंख्यापासून सुरुवात करा. आपल्याकडे उन्हाळ्यात पंखा चौदा तास तर चालतोच. ७५ वॅटच्या जागी ३० वॅटचा बसला तर एका पंख्यामागे महिन्याला १९ युनिट वाचतात. शंभरच्या वरच्या प्रत्येक युनिटला दर बराच चढा आहे, म्हणून ज्यांचं बिल सव्वाशे-दीडशे युनिटांचं येतं त्यांना हे सगळ्यात आधी समजवा. ते लगेच ऐकतात.

प्लग मीटर उसना देताना वहीत सही घ्या, आमचा एक अजून परत आलेला नाही.

मोजायला पोरीला पाठवलं तर बायका घरात घेतात, फ्रिजच्या मागचं जाळं स्वतः पुसून दाखवतात. पोरं दारातूनच परत यायची. हे आधी कळलं असतं तर आणखी दोघींना शिकवलं असतं. आखाजीला माहेरी आलेल्या पोरीही केंद्रात येऊन गेल्या, सासरची बिलं मोबाइलमध्ये दाखवून विचारत होत्या.

आता पलीकडच्या गावाला स्वतःचं उपकेंद्र हवंय. त्यांनी व्यायामशाळेची खोली ठरवली, वर्गणीचा आकडाही सांगितला. मी म्हटलं, आधी २२ नंबर काढा. काढला. व्यायामशाळा त्यात नाही. जुनी ठरावबुकं मात्र कपाटात शाबूत आहेत, वाळवी लागलेली नाही. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी मी तिकडे जातोय, तात्या सोबत येणार आहेत.