ब्लेअर व्हॅलीतील उखळे

सॅन डिएगोहून पूर्वेकडे दोनेक तास गाडी चालवली, की डोंगर ओलांडून आपण अँझा-बोरेगोच्या वाळवंटात उतरतो. कॅलिफोर्नियातील हे सर्वांत मोठे राज्य उद्यान. फेब्रुवारीत आई माणदेशातून आमच्याकडे आली होती. तिच्या गुडघ्यांना चढ सोसत नाही, म्हणून आम्ही तेथील ब्लेअर व्हॅली निवडली. येथे तंबू ठोकायला पैसे पडत नाहीत, पण पाण्याची सोय अजिबात नाही आणि उघड्या जमिनीवर जाळ करण्यास मनाई आहे. त्यामुळे पाण्याचे कॅन आणि शेकोटीसाठी लोखंडी घमेले आम्ही घरूनच नेले होते.

सकाळी ऊन अंगाला बरे वाटू लागल्यावर निघालो. वाट म्हणजे गाड्यांच्या चाकांनी पडलेला सपाट कच्चा रस्ता. एका चाकोरीतून आई चालत होती, दुसरीतून मी. नुकताच पाऊस होऊन गेल्याने एरवी वाळक्या काठ्यांसारख्या दिसणाऱ्या ऑकोटियोला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बारीक हिरवी पाने फुटली होती. कडेची अगेव्ह पाहून आई म्हणाली, “ही तर आपल्या बांधावरची घायपात!” तिचे बरोबरच होते, दोन्ही एकाच कुळातल्या, आणि दोन्ही आयुष्यात एकदाच फुलून मरणाऱ्या. चोया नावाच्या निवडुंगाचे एक कांडे मात्र माझ्या बुटाला असे चिकटले, की हात लावण्याची सोय नव्हती. आईने पिशवीतून फणी काढली, दाते कांड्याखाली सरकवले आणि एका झटक्यात ते दूर उडवले.

1858 ते 1861 या काळात सेंट लुईसहून सॅन फ्रान्सिस्कोला टपाल नेणाऱ्या बटरफील्ड कंपनीच्या बग्ग्या याच खोऱ्यातून जात. जवळच्या खिंडीत चढ इतका अवघड, की प्रवाशांना खाली उतरून चालावे लागे. म्हणून तिचे नाव फूट अँड वॉकर.

रस्ता सोडून थोडे आत गेल्यावर ग्रॅनाइटचे मोठमोठे धोंडे लागतात आणि त्यांत कुमियाय लोकांची उखळे आहेत. स्पॅनिशमध्ये त्यांना मोर्तेरोस म्हणतात. आजही याच परिसरात राहणाऱ्या या समाजाच्या पूर्वजांनी येथे बिया आणि शेंगा कांडल्या, आणि दगडाने दगड झिजून हे खळगे पडत गेले. शेजारी पाट्यासारखे घासून गुळगुळीत झालेले उथळ भागही आहेत. आई एका धोंड्यावर टेकली आणि तिने हात हळूच खळग्यात घातला. तो मनगटाच्याही वर बुडाला. तळाशी पावसाचे थोडे पाणी आणि दोन वाळकी पाने होती. कडेवरून बोट फिरवत ती म्हणाली, “किती पिढ्या कांडलं असेल रे बायकांनी.”

आम्ही तेथे तासभर बसलो. परतीच्या वाटेवर ती फारसे बोलली नाही. आमच्या जुन्या घराच्या सोप्यातले उखळ वाटणीत कोणाकडे गेले, एवढेच तिने दोनदा विचारले.